शेवटचा रकाना

खालच्या मजल्यावरच्या मिस्टर पेथरिकची पहिली तक्रार आली तेव्हा कार्मेना झेराफा पीठ मळत होती, आणि तक्रार नेमकी पीठ मळण्याचीच होती. दाराखालून सरकवलेला कागद तिच्या मुलीनं, रीटानं, उचलला आणि उभ्या उभ्याच वाचून दाखवला.

"सकाळी सात वाजून पाच मिनिटं. स्वयंपाकघर. टेबलावर काहीतरी आपटल्याचा आवाज, मध्यम. सव्वीस वेळा."

"सव्वीस?" कार्मेनाचे हात पिठातच राहिले. "मी जन्मभर पीठ मळत आले, मला नाही ठाऊक किती वेळा आपटते ते. आणि हा बाबा खाली बसून मोजतोय? मेल्याला दुसरा काही उद्योग नाही?"

कागद पालिकेचा छापील होता. शेजाऱ्याच्या आवाजाची तक्रार करायची तर पालिका आधी हा फॉर्म आठवडेच्या आठवडे भरायला लावते. निम्मे लोक रकाने बघूनच गप्प बसतात. तारीख, वेळ, आवाज कसला, किती वेळ, आणि शेवटचा रकाना: तुमच्यावर काय परिणाम झाला. या शेवटच्या रकान्यात लोक जीव ओतून लिहितात. झोप उडाली, डोकं उठलं, रक्तदाब वाढला, कुत्र्यानं जेवण सोडलं. मिस्टर पेथरिकचा तो रकाना मात्र कोरा करकरीत होता.

"काही परिणामच झाला नाही तर बोंब कशाला मारायची?" असं म्हणून कार्मेनानं गोळा सत्ताविसाव्यांदा आपटला, तोही जरा जोरातच.

सेंट ऑल्बन्समधली ती विटांची दुमजली इमारत, खाली तीन युनिटं, वर तीन. कार्मेना आणि तिचा नवरा झेप्पू तिथं नवेच होते. त्याआधी छत्तीस वर्षं ती दोघं पलीकडच्या उपनगरात स्वतःच्या घरात राहिली. मागे अंजिराचं झाड, कोंबड्या, सशांचे पिंजरे. तिथं ती खिडकीतून नवऱ्याला हाक मारायची ती तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जायची, आणि तिसऱ्या घरातले लोकही त्यांच्यासारखेच माल्टा बेटावरून आलेले असल्यामुळे तेही परत ओरडून झेप्पू कुठं आहे ते सांगायचे. पुढं बाग झेपेना, म्हणून घर विकलं. खालचं युनिट हवं होतं, मिळालं वरचं, आणि वरच्या युनिटखाली मिस्टर पेथरिक मिळाले.

झेप्पूनं चाळीस वर्षं लोकांच्या घरी फरश्या बसवल्या होत्या. बूट काढायचे ते फक्त झोपताना, हा त्याचा बाणा. सकाळी तो झोपायच्या खोलीतून स्वयंपाकघरात येई तो टाचा वाजवत, एखाद्याच्या घरी काम बघायला आल्यासारखा. रविवारी रीटा तिची तीन पोरं घेऊन यायची. मग सशाचं कालवण, सुरीचे वार, आणि जेवणानंतर टोंबोला. डब्यातून आकडे काढायचा मान झेप्पूचा, आणि आकडा असा ओरडायचा की जणू समुद्रात होडी उलटलीय. सोमवारी कागद ठरलेला.

कार्मेना तोंडानं कितीही फणफणली तरी मनातून भांडणाला भ्यायची. नव्या जागी नाव खराब करून घ्यायचं नव्हतं. म्हणून ती गुपचूप उपाय करत गेली. पीठ मळायला टेबलावर दुहेरी टॉवेल टाकला. मग कागदांवर एक नवा शब्द यायला लागला, 'घासल्याचा आवाज'. तिनं पाच खुर्च्यांच्या वीस पायांना टेनिसचे चेंडू चिरून बसवले. तरी घासल्याचा आवाज येतोच. तिनं पॅसेजमध्ये जाड गालिचा अंथरला. तरी येतोच. शेवटी दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तिनं झेप्पूचे बूट कपाटात कोंबले आणि त्याच्या पायात मऊ लोकरी सपाता घातल्या.

"ही काय बाळंतिणीची पायताणं?" झेप्पू म्हणाला.

"घाल मुकाट्यानं. खालचा ओरडतो."

"मग खालच्याला घाल," झेप्पू म्हणाला, पण घातल्या.

त्या वर्षी झेप्पूचं काहीतरी बिनसलं होतं. ईस्टरला तो क्लबातून घरी यायला निघाला तो पोचलाच नाही. दोन तासांनी जुन्या घराच्या फाटकात उभा सापडला, खिशात नव्या घराची किल्ली. मग नातींची नावं एकीची दुसरीला लावायला लागला. आणि चाल! सपाता घातल्यापासून तो पाय उचलेचना, जमिनीला चिकटल्यासारखे ओढायचा. कार्मेना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "चाल त्या खालच्यामुळे बिघडली. चांगला टाचा वाजवत फिरणारा माणूस, त्याला सपाता घालायला लावल्या."

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हणून सांगितलं. रीटानं एका नीटनेटक्या वृद्धाश्रमाचा फॉर्म आणला. खोली रिकामी होती, महिनाअखेरपर्यंत राखून ठेवणार होते.

"मा, तुझ्यानं होणार आहे का? परवा पा न्हाणीघरात पडले तेव्हा तू एकटीनं उचललंस त्यांना."

"मी पन्नास किलोचं पीठ उचललंय."

"पीठ पडत नाही मा, मध्येच."

कार्मेनानं फॉर्म फ्रिजवर ठेवला आणि त्यावर ऑलिव्हची बरणी ठेवली, म्हणजे तो दिसायला नको. लग्नाला बावन्न वर्षं झाली होती. त्यात ती दोघं वेगळ्या छपराखाली झोपली ती दोन बाळंतपणांपुरती.

आणि नेमकं त्याच सुमारास, पुढच्या मार्चमध्ये, मिस्टर पेथरिकचं पाकीट आलं. इमारतीच्या समितीपुढे तक्रार ठेवणार आहे, त्याआधी प्रत देणं हे माझं कर्तव्य आहे, असं वर पत्र, आणि खाली बावीस पानं. तारीख, वेळ, आवाज, अवधी. शेवटचा रकाना बावीसच्या बावीस पानं कोरा. कार्मेनानं एक ओळ वाचली नाही. तिनं ती बावीस पानं आधी उभी फाडली, मग आडवी फाडली, मग सशाच्या हाडांबरोबर पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली. बुधवारी गाडी येऊन घेऊन गेली. तिला त्या दिवशी खरोखर बरं वाटलं, हे खोटं कशाला बोला.

पुढच्या सोमवारी मोठ्या इस्पितळात तपासणी होती. डॉक्टर सेनाधीरा म्हणून बाई होत्या, बारीक चणीच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी झेप्पूला चालवलं, वळवलं, आकडे उलटे म्हणायला लावले. मग डोक्याचं चित्र उजेडात धरलं.

"मेंदूतल्या पाण्याच्या जागा मोठ्या दिसतायत," त्या म्हणाल्या. "वयामुळे मेंदू आकसला तरी असं दिसतं, आणि पाणी तुंबलं तरी असंच दिसतं. आकसला असेल तर माझ्या हातात फारसं काही नाही. तुंबलं असेल तर नळी घालून काढता येतं, माणूस पुष्कळ सुधारतो. पण म्हाताऱ्या माणसाचं डोकं उगाच उघडायचं नाही. म्हणून मला एक नीट आठवून सांगा. आधी काय बिघडलं? आठवण की चाल?"

"आठवण," कार्मेना म्हणाली. "गेल्या ईस्टरला. चाल नंतर. ती सपातांमुळे."

"सपाता कधी आल्या?"

"मे."

"म्हणजे ईस्टरच्या आधी ते अगदी नीट चालत होते? पाय उचलून?"

कार्मेनानं 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. नीट चालत होता? रोज सकाळी तो तिच्यासमोरून स्वयंपाकघरात यायचा. तिचं लक्ष कॉफीकडे. तिनं रीटाकडे पाहिलं. रीटा आठवड्यातून एकदा यायची, तीही पोरांच्या मागं धावत.

"घाई नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण चाल आधी बिघडली असेल तर मी पुढची परीक्षा करीन. खात्रीनं सांगणारं कुणी आहे का? घरात आणखी कोण असतं?"

"कुणी नाही," रीटा म्हणाली. "दोघंच."

गाडीत बसल्यावर कार्मेना बोटांवर महिने मोजत राहिली. सिग्नलला ती एकदम म्हणाली, "मादोन्ना! बावीस पानं."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती जिना उतरली. पास्तित्सी घेऊन जावं का, असं एकदा मनात आलं, पण ज्याच्याशी दोन वर्षं उभा दावा, त्याच्याकडे रिकोटा चीजच्या करंज्या घेऊन जायचं म्हणजे लाच दिल्यासारखं. ती ॲप्रनवरच गेली, रिकाम्या हातानं.

मिस्टर पेथरिकनी दार उघडलं. वय ऐंशीच्या आसपास, घरातसुद्धा टाय. त्यांच्या मागं भिंतीवर हवेचा दाब मोजायचं यंत्र होतं, आणि यंत्राखाली ओळीनं वह्या.

"बैठक शुक्रवारी आहे, मिसेस झेराफा," ते म्हणाले. "जे बोलायचं ते तिथं बोलावं."

"भांडायला नाही आले. मला तुमची तक्रार हवी आहे."

"पाठवली होती. बावीस पानं."

"फाडली."

"सगळी?"

"बारीक बारीक."

त्यांनी मान हलवली, जणू हेही कुठंतरी लिहून ठेवायचं आहे. "आणि आता परत हवी?"

"पीठ मळण्याची नको. चालण्याची हवी. माझा नवरा कसा चालतो, ते सगळं." आणि मग तिला राहवेना. दारातच उभी राहून तिनं डॉक्टरांचा प्रश्न, ईस्टर, सपाता, फ्रिजवरचा फॉर्म, सगळं एका दमात सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, "त्याच्याबरोबर मी असते, पण मला सांगता आलं नाही. तुम्ही नुसते खाली असता. तुम्हाला येईल."

पेथरिकनी तिला आत बोलावलं. खुर्ची दिली. मग वह्यांपैकी तिसरी काढली, पानं उलटली नाहीत, सरळ जिथं हवं तिथं उघडली.

"मी चौतीस वर्षं हवामान खात्यात होतो," ते म्हणाले. "वाळवंटात, मग दक्षिणेकडच्या बेटांवर. दर तीन तासांनी नोंद. बेटावर आम्ही चौघं होतो. थंडी वाढली की नाही यावर रोज भांडण व्हायचं. वही उघडली की भांडण मिटायचं. निवृत्त झाल्यावर इथं आलो. इथं माझ्या डोक्यावर आकाश नाही, तुमची जमीन आहे."

त्यांनी बोट ठेवलं. कार्मेनाजवळ चष्मा नव्हता. त्यांनी वाचलं.

"झोपायच्या खोलीच्या दारापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. तुम्ही राहायला आलात त्या जानेवारीत, सात पावलं. टाच स्पष्ट. फेब्रुवारी, सात. मार्च, सात. जून, सात. ऑक्टोबर, सात." त्यांनी पान उलटलं. "सतरा नोव्हेंबर. आठ. टाच अस्पष्ट. दोन डिसेंबर. नऊ. घासत. नाताळानंतर, अकरा. वळताना थांबतात. फेब्रुवारी. पहाटेपर्यंत संडासाचं पाणी चार वेळा, पूर्वी एकदा. मार्च, चौदा. घासणं सलग."

"आणि ईस्टर?"

"त्यानंतर. एप्रिलच्या मध्यावर. त्या दिवशी तुम्ही घरात इकडून तिकडे पळत होता, फोन तीन वेळा." त्यांनी वर पाहिलं. "सपातांची नोंद अकरा मेची आहे. टाच पूर्ण बंद."

कार्मेना त्या वहीकडे बघत राहिली. नोव्हेंबर. ईस्टरच्या पाच महिने आधी.

"पण ते घासणं," ती म्हणाली, "ते तर खुर्च्यांचं होतं ना? मी वीस पायांना चेंडू लावले."

"खुर्ची चार पायांनी घासते, मिसेस झेराफा. हे दोन होते."

तिनं ॲप्रन तोंडाशी नेला आणि रडली. लाज वाटली म्हणून रडली, सपातांना दोष दिला म्हणून रडली, आणि ज्या माणसाला दोन वर्षं शिव्या घातल्या त्यानं तिच्या नवऱ्याचं एक एक पाऊल जपून ठेवलं म्हणून रडली. पेथरिकना रडणाऱ्या बाईचं काय करायचं ते ठाऊक नव्हतं. त्यांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, मग तो थोडा डावीकडे सरकवला.

"मी कळवायला हवं होतं," ते म्हणाले. "चाल बदलतेय हे मला दिसत होतं. पण आम्हाला असं शिकवलेलं. काय ऐकलं ते लिहायचं. त्याचा अर्थ काय, आपल्याला काय वाटलं, ते लिहायचं नाही. तो रकाना म्हणून कधी भरला नाही. मला वाटलं, तुम्हाला घरात ठाऊकच असेल."

"घरात कुणी मोजत नाही हो मिस्टर," कार्मेना नाक पुसत म्हणाली.

गुरुवारी इस्पितळात चौघं गेली. झेप्पू, कार्मेना, रीटा, आणि इस्त्रीच्या कोटात, काखेत तीन वह्या घेऊन मिस्टर पेथरिक. डॉक्टर सेनाधीरांनी विचारलं, "आपण कोण यांचे?"

"मी खालचा," पेथरिक म्हणाले.

झेप्पूनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "हाच का तो?" त्यानं बायकोला मोठ्यानं विचारलं.

"हाच तो," कार्मेना म्हणाली. "गप्प बस आणि त्याचा हात धर."

डॉक्टरबाईंनी वह्या वाचायला घेतल्या त्या खाली ठेवीनात. दोनदा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या की इतक्या वर्षांत कुठल्या घरच्या माणसानं त्यांना असा इतिहास सांगितला नव्हता. आधी चाल, मग लघवी, मग आठवण, अगदी त्याच क्रमानं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी झेप्पूच्या पाठीतून सुई घालून पाणी काढलं आणि त्याला चालायला लावलं. पॅसेजमध्ये दोन पट्ट्या आखल्या होत्या. पाणी काढण्याआधी त्या अंतराला एकोणीस पावलं लागली होती. आता डॉक्टर मोजत होत्या, रीटा ओठांतल्या ओठांत मोजत होती, आणि पेथरिक भिंतीला टेकून डोळे मिटून मोजत होते.

"तेरा," ते म्हणाले, सगळ्यांच्या आधी.

रीटानं बाहेर जाऊन वृद्धाश्रमाला फोन केला आणि सांगितलं की ती खोली दुसऱ्या कुणाला द्या. परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं होतं. तिनं पेथरिकना न विचारता, न पुसता मिठी मारली. ते वह्या सावरत ताठ उभे राहिले, पण बाजूला झाले नाहीत.

समितीची बैठक मधल्या मध्ये होऊन गेली होती. पेथरिकनी उभं राहून सांगितलं, नोंदी खऱ्या आहेत, त्यातला एक शब्द मागे घेणार नाही, कारवाईची मागणी मात्र मागे घेतो. समितीला काही कळलं नाही. कार्मेना मागच्या खुर्चीवर बसून एकटीच टाळ्या वाजवत होती.

शस्त्रक्रिया एप्रिलच्या शेवटी झाली. कार्मेनानं चर्चमध्ये संत अँथनीपुढे एक मेणबत्ती लावली, आणि थोडा विचार करून शेजारी दुसरी लावली. पाद्रीबाबांनी विचारलं दुसरी कुणाची, तर म्हणाली, "खालच्याची. तो चर्चला येत नाही, पण मी त्याच्यासाठी येते."

तीन आठवड्यांनी झेप्पू घरी आला. सगळं काही परत आलं नव्हतं. धाकटीचं नाव अजून मोठीला लावत होता, आणि मुलीची ही तीन पोरं आहेत की चार यावर त्याचा वाद होता. पण पाय उचलत होता.

सोमवारी सकाळी कार्मेनानं सपाता उचलल्या आणि कचऱ्यात टाकल्या. गालिचा गुंडाळून दाराआड उभा केला. कपाटातून बूट काढले, पॉलिश केले, आणि पलंगाशी खाली बसून त्याच्या पायात चढवून नाड्या बांधल्या.

"खालचा ओरडेल," झेप्पू म्हणाला.

"ओरडू दे. चल, कॉफी ठेवलीय."

ती स्वयंपाकघरात जाऊन पाठमोरी उभी राहिली. वळून बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. या खेपेला ऐकायचं. टक. टक. टक. मध्ये जरा थांबला. टक. टक. टक. टक. आणि दाराशी आणखी एक.

"आठ," ती ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली.

"काय आठ?"

"काही नाही. बस."

मग तिनं पीठ घेतलं. टॉवेल न टाकता, नुसत्या टेबलावर, मनसोक्त आपटून मळलं. रिकोटा भरलेल्या पास्तित्सीचे दोन ट्रे भट्टीत गेले, त्यातला मोठा खालच्यासाठी होता. ती हात धूत असताना दाराखालून सर्र आवाज झाला. ओल्या हातांनीच तिनं कागद उचलला. पालिकेचा छापील फॉर्म, तीच रेखीव अक्षरं. चष्मा शोधायला ती थांबली नाही, कागद लांब धरून वाचायला लागली.

"सोमवार. सकाळी सात वाजून वीस मिनिटं. पॅसेज. पावलं, आठ. टाच स्पष्ट. त्यानंतर स्वयंपाकघरात टेबलावर आपटल्याचा आवाज, मोठा. एकतीस वेळा."

"बघ, ओरडतोय," झेप्पू म्हणाला. "मी म्हटलं होतं."

कार्मेना पुढं वाचेना. तिनं ॲप्रननं डोळे पुसले. झेप्पूनं कॉफीचा कप ठेवला, उठला, तिच्यापर्यंत दोन पावलं चालत आला आणि तिच्या हातातून कागद घेतला. शेवटच्या रकान्यात दोन शब्द होते. ते त्यानं मोठ्यानं वाचले, टोंबोलाचा आकडा ओरडावा तसे.

"बरं वाटलं."